एकविसावं कलम

कराडचं घर विकायचं ठरलं तेव्हा माळ्यावरून सगळ्यात आधी खाली आली ती आबांची पेटी. आबा म्हणजे माझे आजोबा आणि पेटी म्हणजे त्यांचं अख्खं दुकान. सागवानी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, झाकण उघडलं की अजूनही येणारा विझलेल्या कोळशाचा वास. आत फुंकणी, दोन मुशी, तार ओढायचं जंतर, चिमटे, गुंजांची डबी आणि कसोटीचा काळा दगड. या दगडावर लहानपणी मी पाटीवरची पेन्सिल ओढली होती आणि आबांचा आयुष्यातला एकुलता एक धपाटा खाल्ला होता.

पेटीच्या तळाला कागद अंथरलेला होता. तो फेकणार एवढ्यात त्याच्यावर एक चांदणी दिसली. उचलून पाहिलं तर वर्तमानपत्राची रद्दी नव्हती, चार पानांचं पत्रक होतं. स्वतंत्र पक्षाची एकवीस तत्त्वं. आणि जवळपास प्रत्येक तत्त्वापुढे शिसपेन्सिलीनं लिहिलेला एक आकडा. २२. १८. २२. ९. १४. पुन्हा १८.

दादांना दाखवलं. माझे वडील आता चौऱ्याऐंशीचे आहेत. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि हसले. "आबांनी कस लावलाय गं."

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. ते कॅरेट होते. दिवसभर दुसऱ्याच्या सोन्याचा कस काढणाऱ्या माणसानं एका राजकीय पक्षाला दगडावर घासलं होतं.

आता हा स्वतंत्र पक्ष कोणता, हे तिशीतल्या माणसाला सांगावंच लागतं. माझ्या भाचीला वाटलं की हा कुणी अपक्षांनी मिळून काढलेला पक्ष असणार. काँग्रेसच्या जानेवारी १९५९ च्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. जमिनी एकत्र करायच्या, सगळ्यांनी मिळून कसायच्या. काँग्रेसमध्येच चरणसिंगांसारख्या लोकांना तो रुचला नव्हता. पण पक्षाबाहेर त्याला तोंड फोडलं ते राजाजींनी. चक्रवर्ती राजगोपालाचारी, देशाचे शेवटचे गव्हर्नर जनरल, वय वर्षं ऐंशी. ज्या वयात माणसं नातवाच्या मुंजीचे मुहूर्त काढतात त्या वयात या गृहस्थांनी नेहरूंच्या विरोधात नवा पक्ष काढला. जूनमध्ये मद्रासला घोषणा झाली आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मुंबईत पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष आंध्रचे शेतकरी नेते प्राध्यापक रंगा. सरचिटणीस मुंबईचे मिनू मसानी, जे १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत होते आणि ज्यांना त्या पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगात सुचलेल्या मंडळींत धरतात. पुढे रशियातल्या स्टालिनशाहीनं त्यांचा समाजवादावरचा विश्वास उडवला. बरोबर कन्हैयालाल मुन्शी, होमी मोदी. मागाहून जयपूरच्या गायत्रीदेवी, ओरिसाचे राजेरजवाडे, गुजरातचे पाटीदार. निवडणूक चिन्ह तारा.

हा पक्ष शेठजींचा आणि संस्थानिकांचा, असं तेव्हा सगळेच म्हणत. नेहरूंनी तर मध्ययुगातल्या सरदार-जमीनदारांचा पक्ष म्हणून त्याची वासलात लावली होती. मग कराडच्या पेठेत जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या, रोज पाच-सात रुपये मजुरी सुटली तर देवापुढे निरांजन लावणाऱ्या सोनाराच्या पेटीत हे पत्रक काय करत होतं?

आबांचे मामेभाऊ झवेरी बाजारात कामाला होते, त्यांनी ते आणलेलं. आणि ते जपून ठेवावंसं वाटायचं कारण चौदा कॅरेट.

हे सांगायला १९६२ च्या नोव्हेंबरात जावं लागेल. चीननं हल्ला केला, कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. आमच्या गावाला आभाळ ठेंगणं झालं होतं. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायका अंगावरचं सोनं उतरवून देत होत्या. आजी सांगायची, आबा दुकान बंद करून काटा घेऊन जात आणि आलेल्या पाटल्या, बिलवर, मण्यांचे सर मोफत तोलून देत. एका म्हातारीनं नाकातली नथ काढून पुढे धरली तेव्हा आबांनी ती तोलली आणि स्वतःच्या खिशातून तेवढ्या वजनाचे पैसे निधीत टाकून नथ तिला परत केली. ही गोष्ट आजीनं इतक्यांदा सांगितली होती की नथीतले मोती दर खेपेला वाढत जायचे. असो.

पुढच्या जानेवारीत, म्हणजे १९६३ च्या, अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्ण नियंत्रण आणलं. भारत संरक्षण नियमांखाली. चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायचा नाही. हेतू वाईट नव्हता, हे आबासुद्धा मान्य करत. परकीय चलनाचा खडखडाट होता, सोनं चोरट्या मार्गानं देशात येत होतं आणि त्यापायी पैसा बाहेर जात होता. लोकांची सोन्याची हाव कमी झाली तर मागणी घटेल, असा मोरारजींचा हिशेब. हिशेबात फक्त सोनार धरायचा राहून गेला.

चौदा कॅरेट म्हणजे चोवीस भागांत चौदा भाग सोनं, बाकी तांबं-चांदी. कागदावर हा आकडा सोपा आहे. ऐरणीवर नाही. बावीस कॅरेटची पट्टी हातोडीखाली कणकेसारखी पसरते. हात म्हणेल तिकडे जाते. चौदाची कडक होते, चार ठोक्यांत हट्टाला पेटते आणि पुढे रेटली तर कडेला चिरते. तिला पुन्हा तापवा, निववा, मग पुन्हा ठोका. एका कामाला दीडपट कोळसा आणि दुप्पट फुंकणी. एवढं करून रंग येतो तो फिका, तांबूस. मंगळसूत्राच्या वाट्या या रंगाच्या कोण घेणार? लग्नघरची बाई दुकानात येई, चौदा कॅरेटचा नमुना हातात घेई आणि शब्द न बोलता खाली ठेवी. आबांनी नमुन्याला म्हणून एक अंगठी घडवली होती. ती विकली गेली नाही. परवा ती पेटीतच सापडली, गुंजांच्या डबीत.

त्या वर्षी देशभर सोनारांचे हाल झाले. काहींनी जीव दिल्याच्या बातम्या येत. आमच्या पेठेतले दोघं मुंबईला गेले, एक गिरणीत लागला आणि दुसऱ्याचं पुढे काय झालं ते कुणाला कळलं नाही. आबांनी भांड्यांना कल्हई लावली. हे वाक्य दादा अजूनही आवाज खाली आणून सांगतात. सोनाराच्या हातानं कल्हई, तीही शेजारच्या गावी जाऊन, कारण कराडात ओळखीचे लोक पाहतील. यशवंतरावांच्या गावात सरकारविरुद्ध बोलायची सोय नव्हती. कुणी अडवलं असतं म्हणून नव्हे, आपल्याच माणसाविरुद्ध तोंड कसं उघडायचं म्हणून. अशात झवेरी बाजारातून हे पत्रक आलं, आणि सांगणारा म्हणाला की दिल्लीत एक पक्ष आहे जो म्हणतो, माणसानं काय घडवावं आणि काय विकावं हे सरकारनं ठरवू नये.

'परमिट-लायसन्स राज' हा शब्द राजाजींचा. आज तो इतका गुळगुळीत झालाय की त्याच्यामागची माणसं दिसत नाहीत. लग्नाला साखर हवी, परमिट. घराला सिमेंट हवं, परमिट. ज्वारी या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात न्यायची, बंदी. परमिट देणाऱ्या टेबलापाशी काय चालतं हे ज्याला परमिट घ्यावं लागतं त्याला कुणी सांगावं लागत नाही. सरकारी नियंत्रणं कमीत कमी ठेवावीत, अशा अर्थाचं जे तत्त्व पत्रकात आहे त्यापुढे आबांनी २२ लिहिलंय आणि खाली दोन रेघा ओढल्यात. दुसरी रेघ वेगळ्या पेन्सिलीची आहे. म्हणजे पत्रक एकदा वाचून ठेवलेलं नाही. ते पुन्हा पुन्हा काढलं गेलंय.

जमीन कसणाऱ्याची जमीन त्याच्या नावावर राहावी, २२. सरकारनं खर्चात काटकसर करावी, कर आवरावेत, १८. मालमत्ता घेतली तर योग्य मोबदला द्यावा, १८. आणि धनवानांनी गांधीजींच्या सांगण्याप्रमाणे विश्वस्त भावनेनं संपत्ती वापरावी, त्यापुढे ९. मी मोठ्यानं हसले. ज्या माणसानं तीस वर्षं पेठेतल्या सावकारांचे करगोटे घडवले, त्याला विश्वस्त शेठजी ही चीज किती कॅरेटची असते हे चांगलंच ठाऊक असणार.

यादी खाली सरकत एकविसाव्या कलमापाशी आली. ते असं म्हणतं की वर सांगितलेल्या मूलभूत तत्त्वांच्या बाहेरच्या सगळ्या प्रश्नांवर पक्षाच्या सदस्याला आपलं मत ठेवायची पूर्ण मोकळीक आहे. लोकशाहीला तेच हिताचं आहे. त्यापुढे आबांनी लिहिलंय, २४.

मी त्या चोवीसावर बराच वेळ अडकले होते. विरोधी पक्षाचं धोरणपत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? शेतीपासून संरक्षणापर्यंत, शिक्षणापासून नद्याजोडपर्यंत प्रत्येक विषयावर 'आम्ही सत्तेवर आल्यास'. एकही प्रश्न सुटलेला नसतो, एकाही जागी 'यावर आमच्यात एकमत नाही' असं लिहिलेलं नसतं. आणि हा एक पक्ष, ज्यानं आपल्या पायाभूत कागदावर लिहून ठेवलं की वीस गोष्टी आमच्या, उरलेल्या तुमच्या तुम्ही ठरवा.

यात मोठेपणा होता, तसाच व्यवहारही होता. उरलेल्या गोष्टी कोणत्या ते पाहिलं की कळतं. राजाजी दारूबंदीचे कट्टर. १९३७ साली मद्रास प्रांताचे पंतप्रधान झाल्यावर सालेम जिल्ह्यात त्यांनी ती आणलीही. मुंबईच्या उदारमतवादी वर्तुळात वाढलेले मसानी असल्या बंदीच्या वाटेला जाणारे नव्हते. भाषेचं तर विचारूच नका. त्याच कारकिर्दीत राजाजींनी मद्रासच्या शाळांत हिंदी सक्तीची केली होती आणि आंदोलन ओढवून घेतलं होतं. वीस-पंचवीस वर्षांनी तेच राजाजी म्हणत होते की राज्यकारभारात इंग्रजी राहू द्या, हिंदी लादू नका. आणि त्यांच्या शेजारी बसलेले मुन्शी म्हणजे ज्यांच्या नावानं घटना समितीत राजभाषा हिंदीचं सूत्र ठरलं ते. या दोघांना एका बाकावर बसवायचं तर भाषेचा विषय बाकाखाली सरकवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एकविसावं कलम नसतं तर दुपारच्या जेवणाआधी पक्ष फुटला असता.

परराष्ट्र धोरणावर पक्ष पुढे बोलू लागला, आणि चांगलाच मोठ्यानं. अलिप्तता हा भाबडेपणा आहे, चीनपासून धोका आहे तर पाश्चात्त्य लोकशाही देशांशी उघड मैत्री करा, इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध ठेवा. १९६२ नंतर या बोलण्याला धार आली. पण त्याच वर्षी, युद्धाच्या थोडं आधी, त्र्याऐंशीचे राजाजी अमेरिकेला जाऊन केनेडींना भेटले ते अणुचाचण्या थांबवा हे सांगायला. काश्मीरबाबत ते शेख अब्दुल्लांशी बोलून तोडगा काढावा अशा मताचे. आज कुठल्याही वाहिनीवर हे तीन मुद्दे एकाच माणसाच्या तोंडी ऐकले तर सूत्रसंचालक विचारील, 'तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?'

महाराष्ट्रात हा पक्ष चालला नाही. नुसता चालला नाही असं नव्हे, उगवलाच नाही. १९६२ आणि १९६७, दोन्ही विधानसभा निवडणुकांत इथे त्याला भोपळा मिळाला. जन्म मुंबईचा, सरचिटणीस मुंबईचा, आणि जागा शून्य. शेजारी गुजरातेत १९६७ साली तोच पक्ष ६६ आमदार निवडून आणून मुख्य विरोधी पक्ष झाला. १ मे १९६० ला एकाच दिवशी जन्मलेली ही दोन राज्यं! गुजरातेत भाईकाका पटेलांच्या मागे पाटीदार शेतकरी उभा राहिला. आमच्याकडे त्याच ताकदीचा शेतकरी यशवंतरावांच्या काँग्रेसमध्ये होता आणि सुखात होता.

आणखी एक कारण मला बँकेतल्या नोकरीमुळे कळलं. स्वतंत्र पक्ष जन्मला तो सहकारी शेतीच्या भीतीतून. पण 'सहकार' या शब्दाची भीती महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला घालणार कशी? लोणीला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला कारखाना १९५० पासून उसाचे पैसे देत होता. त्याच्या मागोमाग कृष्णाकाठी धुराडी उभी राहत होती. संयुक्त शेती वेगळी आणि सहकारी कारखाना वेगळा, कारखान्यात जमीन स्वतःच्याच नावावर राहते, हा फरक खरा आहे. पण निवडणुकीच्या सभेत इतका बारीक फरक ऐकून घ्यायला माणूस थांबत नाही. ज्याला सहकारानं पहिल्यांदा घरावर कौलं घालू दिली, त्याला सहकार म्हणजे रशिया असं सांगणारा मुंबईचा पारशी गृहस्थ परग्रहावरचाच वाटणार.

आणि आबा? आबांनी आयुष्यात एकदाही ताऱ्यावर शिक्का मारला नाही. मी दादांना विचारलं, त्यांनी मान हलवली. "यशवंतराव सोडून आबा कुणाला मत देत्यात?" म्हणजे ज्याच्या सरकारनं चौदा कॅरेटचा फास घातला त्याला मत, आणि ज्या पक्षानं त्याविरुद्ध आवाज काढला तो पेटीच्या तळाला. यात मला पूर्वी विसंगती दिसली असती. आता दिसत नाही. मत देणं आणि कस लावणं ही आबांच्या लेखी दोन वेगळी कामं होती.

१९६७ साली स्वतंत्र पक्षाचे ४४ खासदार लोकसभेत गेले. सगळ्यात मोठा विरोधी पक्ष. चौदा कॅरेटची अट त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती, पण सुवर्ण नियंत्रणाचा कायदा १९६८ साली रीतसर झाला तो थेट १९९० पर्यंत मानेवर बसून राहिला. पुढे १९ जुलै १९६९ ला इंदिराबाईंनी चौदा बँका राष्ट्रीयीकृत केल्या. (हा चौदाचा आकडा आमच्या घराच्या मागेच लागलेला आहे.) स्वतंत्र पक्षाचा याला कडाडून विरोध. पक्षाशी संबंधित असलेले रुस्तम कूपर भागधारक म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले, नामवंत वकील नानी पालखीवालांनी बाजू मांडली आणि फेब्रुवारी १९७० मध्ये अकरा न्यायमूर्तींपैकी दहांनी कायदा रद्द ठरवला. सरकारनं मोबदल्याची तरतूद सुधारून तो परत आणला.

इथे माझं आणि त्या पत्रकाचं पटत नाही. मी सरकारी बँकेत नोकरी केली. तालुक्याच्या गावातून आलेली सोनाराची मुलगी बँकेच्या काउंटरवर बसली, कारण बँक तालुक्यापर्यंत आली. १९६९ च्या आधी बँकवाल्यांना आमच्या पेठेची वाट ठाऊक नव्हती. आबांना हत्यारं आणि कोळशासाठी पहिलं दोन हजारांचं कर्ज मिळालं ते राष्ट्रीयीकृत बँकेकडून, कुणाच्या मिनतवाऱ्या न करता. त्या दिवशी आबांनी मॅनेजरला पेढे नेऊन दिले आणि घरी येऊन म्हणाले, "राजाजी हितं चुकलं." पुढे त्याच बँकांत कर्जमेळावे झाले, थकबाक्या साचल्या, पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या आल्या, चिठ्ठ्या मीही पाहिल्यात. तेव्हा राजाजी अगदीच चुकले असंही म्हणवत नाही. पण काउंटरच्या अलीकडची माझी खुर्ची कशामुळे आली हे विसरायला मला जड जातं.

संस्थानिकांचे तनखे बंद करण्यालाही पक्षाचा विरोध होता. सरकारनं दिलेला शब्द मोडू नये, असा मुद्दा होता आणि तो पोकळ नव्हता. पण ज्या देशात रेशनच्या दुकानापुढे लाल मिलो ज्वारीसाठी रांगा लागत होत्या तिथे राजाच्या तनख्यासाठी भांडणारा पक्ष आपल्या पायावर धोंडा पाडून घेत होता. इथे एकविसावं कलम कामी येत नव्हतं. शब्द, करार, मालमत्ता हे सारं वरच्या वीसांत मोडत होतं. मोकळीक कुठे संपते ते अशा वेळी कळतं.

मग आली १९७१ ची निवडणूक. इंदिरा हटाव म्हणत जनसंघ, संयुक्त समाजवादी, संघटना काँग्रेस आणि स्वतंत्र एकत्र आले. काँग्रेस फुटल्यावर इंदिराबाईंच्या विरोधात राहिलेली संघटना काँग्रेस म्हणजे कोण? मोरारजीभाई. चौदा कॅरेटचे मोरारजी आणि चौदा कॅरेटविरुद्ध बोललेला पक्ष एका मांडवात! आबांनी ही बातमी वाचून पेपर घडी करून पाटाखाली ठेवला आणि दोन दिवस उघडला नाही, असं दादा सांगतात. ४४ चे ८ झाले. मसानी बाजूला झाले. राजाजी १९७२ च्या नाताळात गेले. १९७४ साली पक्ष चरणसिंगांबरोबर भारतीय लोक दलात विरून गेला.

शेवट तिथेच झाला असता तर बरं होतं. १९७७ ला जनता सरकार आलं, पंतप्रधान मोरारजी, आणि अर्थमंत्री एच. एम. पटेल, जे एकेकाळी स्वतंत्र पक्षाचे नेते होते. याच सरकारच्या काळात १९७८ मध्ये चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती झाली आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून बाहेर पडला. ज्या हक्कासाठी पक्ष पंधरा वर्षं घसा कोरडा करत होता तो हक्क पक्षाचीच माणसं सरकारात असताना गेला. मला यात कुणावर हसायचं नाही. इंदिराबाईंच्या आणीबाणीतून बाहेर पडणं त्या घडीला जास्त मोठं होतं, हे मी समजू शकते. पण पत्रकावरची ती १८ पाहिली की वाटतं, आबांनी चार कॅरेट का कापले होते कुणास ठाऊक.

नंतर आमच्या भागात हाच धागा उचलला तो साताऱ्यात जन्मलेल्या शरद जोशींनी. शेतकरी संघटनेतून पुढे १९९४ ला त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, नावातच राजाजींना नमस्कार ठेवून. यातली एक गंमत कायद्याची. राजीवजींच्या काळात निवडणूक कायद्यात तरतूद आली की नोंदणी करणाऱ्या पक्षानं समाजवादाला निष्ठा वाहिली पाहिजे. म्हणजे समाजवादाला विरोध करणाऱ्या पक्षानं आधी समाजवादाची शपथ घ्यायची. जुन्या स्वतंत्रवाल्यांनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, जोशींनी राज्यसभेत खासगी विधेयक आणलं. तरतूद हलली नाही.

जोशींचं मला सगळ्यात आठवतं ते ९ मार्च २०१०. राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक मंजूर झालं, १८६ विरुद्ध १. तो एक म्हणजे शरद जोशी. त्यांचा आक्षेप आरक्षित मतदारसंघ फिरते ठेवण्यावर होता. पाच वर्षांनी मतदारसंघच बदलणार असेल तर बाई तिथे काम कशाला करील, असं त्यांचं म्हणणं. मी त्या दिवशी त्यांच्यावर भयंकर चिडले होते. शेतकरी बायकांची एवढी संघटना बांधणारा माणूस, आणि हे मत! चीड अजून पुरती गेलेली नाही. पण ते असं मत देऊ शकले कारण सभागृहात त्यांच्या पक्षाचे ते एकटेच होते. बाकीच्यांच्या मानेवर पक्षादेश होता. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडला तर खासदारकी जाते. आयाराम-गयाराम थांबावेत म्हणून आलेला कायदा. आयाराम-गयाराम थांबले की नाही ते महाराष्ट्राला विचारू नका. एकविसावं कलम आज कुणी छापलं तरी सभागृहाच्या दाराबाहेरच काढून ठेवावं लागेल.

त्या चोवीस आकड्याचा अर्थ मी आबांच्या शेवटच्या शिष्याला विचारला. माझे चुलतकाका, अजून पेठेत बसतात, आता कोळशाऐवजी गॅसवर. मला वाटत होतं आबांनी कौतुकानं लिहिलंय. शंभर नंबरी. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "चोवीसचं वळं केलंस तर आठवड्यात वाकंल की गं. दागिना नाही होत त्याचा. तांबं घालावंच लागतं." मग आबांनी दाद दिली होती की चिमटा काढला होता? काका म्हणाले, "आबा दोन्ही एकाच हातानं करायचे."

घराचा व्यवहार झाला त्या दिवशी भाची पुण्याहून आली. बोटात नवी अंगठी, ऑनलाइन मागवलेली, बारीक हिऱ्यांची. दादांना कौतुकानं दाखवली. त्यांनी सवयीनं ती उलटी करून आतला छाप वाचायला माझ्याकडे दिली. १४के५८५.

"चौदा?" दादा एकदम ताठ बसले. "कायदा आला का परत?"

"नाही हो आजोबा, फॅशन आहे. बावीसचं सोनं परवडतंय कुणाला! आणि चौदात हिरे घट्ट बसतात."

दादांनी पेटी पुढ्यात ओढायला सांगितली. गुंजांच्या डबीतून आबांची ती न विकलेली अंगठी काढली, कसोटीच्या दगडाची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली आणि थरथरत्या हातानं दोन रेघा ओढल्या, एक साठ वर्षांपूर्वीची, एक परवाची. दगड उजेडाकडे धरला. मला तर दोन्ही सारख्याच फिक्या दिसत होत्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"आबांची जरा बरी हाय," म्हणाले, आणि दगड मांडीवर ठेवून घेतला.